मदत हवी आहे: पावसाळ्यात बोरघाटातल्या बँकर इंजिनांचे फोटो (कर्जत, खंडाळा, माथेरान)

धुक्यातला_सिग्नल:

ऑगस्टमधले दोन दिवस ठरवले आहेत. पहिला दिवस कर्जत–लोणावळा, दुसरा माथेरान. गाडीमागे ढकलणारी बँकर इंजिनं, आणि जमलं तर पुढचं इंजिन व बँकर एकाच चौकटीत, हा मुख्य उद्देश. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप (म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस. लेन्स १८–५५ आणि ५५–२१० मिमी.

आधीच्या फोटोंतल्या अडचणी:
१. इंजिनावरचा एलईडी फलक अर्धाच उमटतो.
२. हेडलाइट दिसताच बाकीचं चित्र काळवंडतं, शिवाय आभाळात हिरवट ठिपके येतात.
३. शटर १/५०० सेकंद ठेवूनही डब्यांची अक्षरं पुसट.
४. लेन्सवर वाफ धरते.

रुळांवरून चालत पळसदरी ते मंकी हिल (घाटातलं रेल्वेचं ठिकाण) जावं असं काही जण सुचवतात. तो मार्ग कसा आहे?

सांधेवाला:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. तो मार्ग यादीतून काढून टाका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्याहून मोठं कारण घाटाच्या रचनेतच आहे. इथे तीन मार्ग आहेत, मधल्या मार्गावर दोन्हीकडून गाडी येऊ शकते. बोगद्यात बाजूला व्हायला पुरेशी जागा नसते. उतरणारी गाडी फार आवाज करत नाही, आणि धबधब्याच्या घोषात तेवढाही ऐकू येत नाही. चढणारी गाडी शेजारून जात असताना तिच्या घरघरीत दुसऱ्या रुळावरची गाडी मुळीच कळत नाही. चांगले जाणकार लोक नेमके तिथेच फसतात.

बँकरचे फोटो फलाटावरून उत्तम मिळतात. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून दोन किंवा तीन इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला ती सुटतात. कर्जतला गाडीच्या शेपटाशी, म्हणजे फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहा. बँकर हळूहळू जवळ येतात, क्षणभर थांबतात, मग कपलर (जोडणीचा आकडा) भिडतो. कर्मचारी जोडणी तपासतात, हवेचे पाइप लावतात. हे सगळं थोड्या मिनिटांत उरकतं, तेव्हा गाडी थांबल्यावर धावत सुटण्यापेक्षा आधीच जागेवर असा.

सगळ्याच गाड्यांना बँकर लागत नाहीत. वंदे भारतला लागत नाही, कारण तिच्या मोटरी गाडीभर वाटलेल्या असतात. तिची वाट बघत शेपटाशी थांबू नका. उलट दिशेच्या, मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या घाटात ठरावीक ठिकाणी थांबून मगच पुढे सरकतात. तिथला सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी) मुळात कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. ब्रेक न लागलेली गाडी त्या चढाच्या फाट्यावर जाऊन अडावी, ही त्यामागची योजना. गाडी थांबली, ब्रेक ठीक आहेत हे दिसलं, की सांधा मुख्य मार्गाला लागतो. दूरच्या कड्यावरून बघणाऱ्याला याचा फायदा असा की गाडी दिसल्यावरही चौकट नीट लावायला वेळ मिळतो.

आता एकाच चौकटीत दोन्ही टोकांबद्दल. २२ एलएचबी (नव्या बनावटीचे) डबे, प्रत्येकी साधारण २४ मीटर, म्हणजे ५२८ मीटर. पुढचं इंजिन आणि बँकर धरून ६०० मीटरच्या आसपास. एवढी गाडी आडवी पकडायची तर १८ मिमीवर सुमारे ४६० मीटर आणि ५५ मिमीवर १४०० मीटर लांब जावं लागेल. सरळ रुळावर हे जमत नाही. गाडी वळणात असली तर मात्र शेपूट तुमच्याकडे वळतं आणि कमी अंतरात सगळी मावते. त्यासाठी कुरवंडे गावाच्या बाजूने नागफणीचा कडा बघा. दरीतला लोहमार्ग तिथून खाली दिसतो. धुकं उतरलं तर तासन्‌तास काही दिसत नाही, ही तयारी ठेवा. गवत ओलं असताना कड्याच्या टोकापासून लांबच राहा.

कोरडी_बॅग:

कॅमेऱ्याचं मी सांगतो.

अक्षरं पुसट का येतात, ते आकड्यांत बघा. इंजिनाची उंची सुमारे ४.२ मीटर. ते चौकटीच्या अर्ध्या उंचीत बसवलं की तुमच्या कॅमेऱ्याच्या उभ्या ४००० पिक्सेलपैकी २००० पिक्सेल त्याला मिळतात. एक पिक्सेल म्हणजे साधारण २ मिलिमीटर. २०० मिमीवर ही चौकट सुमारे १०८ मीटरवरून मिळते. गाडी ताशी ३० किमी धरली तर सेकंदाला ८.३ मीटर. १/५०० मध्ये ती जवळजवळ १७ मिलिमीटर सरकते. तुम्ही काटकोनात उभे असाल तर ८ पिक्सेलचा फराटा. रुळाशी १५ अंशांचा तिरका कोन धरलात तर आडवी सरक चौथाईवर येते, म्हणजे २ पिक्सेल. म्हणून शटर वाढवण्याआधी कोन बदला. बाजूने डबेच टिपायचे असतील तर १/१००० सुद्धा ४ पिक्सेल हलवतो. तिथे १/२००० ठेवा, किंवा सरळ १/३० वर पॅनिंग करा, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढा. अधलंमधलं शटर दोन्ही बाजूंनी फसतं.

एलईडी फलकाचं गणित याच्या अगदी उलट. त्यातले दिवे ओळीओळीने फार वेगाने पेटतात-विझतात. शटर छोटं असलं की काहीच ओळी पकडल्या जातात. १/१२५ किंवा त्याहून हळू ठेवलं तर बहुतेक वेळा पूर्ण नाव येतं. धावत्या गाडीत हे दोन्ही एकत्र साधत नाही, तेव्हा फलकाचा फोटो कर्जतला गाडी उभी असताना काढा. आणि मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. त्याने एलईडीवर पट्टे उमटतात, शिवाय जवळून जाणारे डबे व खांब तिरके होतात.

हेडलाइटसाठी मॅन्युअल एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचे आकडे स्वतः ठरवणं, दुसरा उपाय नाही. गाडी येण्याआधी रुळांलगतच्या ओल्या हिरवळीवर कॅमेऱ्याचा उजेडाचा मीटर बघा, आकडे कायम करा आणि मग हात लावू नका. दाट धुक्यात मीटर सांगेल त्यापेक्षा पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या, नाहीतर धुकं राखाडी येतं. तुमचे हिरवट ठिपके बहुधा यूव्ही फिल्टरमुळे आहेत. हेडलाइटचा उजेड सेन्सरवरून फिल्टरवर आदळून परत येतो आणि मध्यबिंदूच्या पलीकडे उलटा उमटतो. समोरून येणाऱ्या गाडीसाठी फिल्टर काढा, हूड (लेन्सपुढची झडप) मात्र लावलेला असू द्या. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांची चकाकी सुंदर कापतो, पण दीड ते दोन स्टॉप खातो. ऑगस्टच्या ढगाळ संध्याकाळी ते परवडत नाही.

पावसात ऑटोफोकस जवळच्या थेंबांवर किंवा गवताच्या पात्यावर अडकतो. गाडी जिथे टिपायची तिथल्या खांबावर आधीच फोकस करा, शटरच्या बटनावरून फोकस काढून मागच्या बटनावर द्या. एफ/८ असेल तर थोडी चूक खपते.

वाफ धरते ती थंड काचेवर. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर बॅग २० ते ३० मिनिटं बंदच ठेवा, कॅमेरा बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांचं काम संपलं, वाळवून घ्या. पावसात लेन्स बदलू नका. ५५–२१० कॅमेऱ्यावर आणि मोबाइल रुंद चित्रांसाठी, ही वाटणी पुरते.

सांधेवाला:

दोन गोष्टी राहिल्या. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि धक्का बसायला तारेला स्पर्शच व्हावा लागत नाही. पादचारी पुलावरून मोनोपॉड, सेल्फी स्टिक किंवा छत्री जाळीबाहेर काढू नका, तारेपासून किमान २ मीटर अंतर ठेवा. फ्लॅश लोको पायलटच्या दिशेने कधीही नाही. घाटाच्या तोंडाशी त्याची नजर सिग्नलवर असते, तिथे डोळे दिपले तर काय होईल ते सांगायला नको.

फलाट तिकीट २ तासच चालतं. दिवसभर थांबायचं तर कर्जत–लोणावळा प्रवासाचे टप्पे करा, तिकीटही राहील आणि जागाही बदलेल. ट्रायपॉड किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून आधी लेखी परवानगी घ्या. सुरक्षा दलाच्या जवानाने थांबायला सांगितलं तर कॅमेरा खाली ठेवून तिकीट दाखवा. वाद घालून फोटो मिळत नाही.

दोन_फुटी:

माथेरानसाठी योजना थोडी बदला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. अमन लॉज–माथेरान शटल चालते, ती तुमच्यासाठी पुरेशी आहे. १९०७ पासूनचा हा दोन फुटी मार्ग तिथे लाल मातीच्या पायवाटेला लागूनच जातो, म्हणजे हद्द न ओलांडता जवळून फोटो मिळतो. पण वाट रुळांना जिथे छेदते तिथे थांबून राहू नका.

गाडी बुटकी आहे. उभं राहून टिपली की खेळणं वाटते. गुडघ्यावर बसा, लेन्स बफरच्या उंचीला आणा, ३५ मिमीच्या आसपास ठेवा. झाडांच्या छताखाली उजेड फार कमी, एफ/४, १/२५०, आयएसओ १६०० ते ३२०० धरून चला. पानांमुळे सगळ्यावर हिरवी झाक येते, म्हणून रॉमध्येच (रंग नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. पॅनिंग १/१५ वरही जमतं. माकडं उघडी बॅग सोडत नाहीत. चेन लावलेलीच ठेवा, आणि आत खाऊ ठेवू नका.

धुक्यातला_सिग्नल:

फिल्टरचं कारण लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. एक शंका: संध्याकाळची डेक्कन क्वीन कर्जतला बँकरसह टिपण्याइतका उजेड असेल का?

कोरडी_बॅग:

ती मुंबईहून ५ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि साडेसहानंतर कर्जतला येते. ऑगस्टच्या मध्यात सूर्यास्त सातच्या सुमाराला. आभाळ भरलेलं असेल तर धावत्या गाडीसाठी उजेड अपुरा, पण जोडणीच्या वेळी ती उभी असते. १/६०, एफ/५.६, आयएसओ ३२०० पासून सुरू करा आणि शेडखाली खांबाला टेकून उभे राहा. फलाटावरचे दिवे तेव्हा लागलेले असतात, व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक) नंतर लावता येईल. सुटताना दोन-तीन सेकंद हातचे राखा. बँकर जोर लावतात तेव्हा ती तुमच्या अगदी समोरून, सगळ्यात शेवटी जातात.