'फाईल लॉक' : कुलूप की ताबा?

विचारणा : दोन स्क्रिप्टांनी (छोट्या प्रोग्रॅमनी) एकाच वेळी एका फाईलला हात घालू नये म्हणून जे लॉक घेतात, त्याला 'कुलूप' म्हणावे का?

उत्तर : प्रथमदर्शनी 'कुलूप' चपखल वाटते, पण क्रियापदे जोडून पाहिली की अडचण कळते. 'लॉक लावले' असे क्वचित कानावर येत असले, तरी काम करणारे बहुधा 'लॉक घेतले', 'लॉक सोडले', 'लॉक मिळाले नाही' असेच बोलतात. घेणे, सोडणे आणि मिळणे ही क्रियापदे मराठीत 'ताबा' या शब्दाची आहेत.

समजा, एका फाईलमध्ये ४१ हा आकडा आहे आणि प्रत्येक स्क्रिप्टने त्यात एक मिळवायचा आहे. पहिली स्क्रिप्ट तो वाचते आणि तिने ४२ लिहिण्याआधीच दुसरीही ४१ वाचते. मग दोघीही ४२ लिहितात आणि एक नोंद कायमची हरवते. हे टाळण्यासाठी प्रत्येकीने वाचण्यापूर्वीच 'फ्लॉक'ने (flock, फाईलवर लॉक घेण्याची सोय) अनन्य, म्हणजे एका वेळी एकीलाच मिळणारा, ताबा घ्यावा व लिहून झाल्यावरच सोडावा. केवळ लिहिण्यापुरता घेतलेला ताबा येथे निरुपयोगी ठरतो. नुसते वाचणाऱ्या अनेक स्क्रिप्टांना सामायिक ताबा एकाच वेळी मिळू शकतो. 'सामायिक कुलूप' या शब्दांतून हा अर्थ निघतच नाही.

स्क्रिप्ट मध्येच कोसळली, तर तिने उघडलेली फाईल संगणकाची कार्यप्रणाली बंद करते आणि ताबा आपोआप सुटतो (तिने सुरू करून मागे चालू ठेवलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे उपप्रक्रियेकडे, तीच उघडी फाईल वारशाने गेली असेल, तर मात्र सुटत नाही). कुलूप असे सुटत नाही, ते कोणीतरी उघडावे लागते. हे वर्णन लागू पडते ते 'फाईल असेल तर थांबा' या जुन्या युक्तीला. तीत स्क्रिप्ट काम सुरू करताना खुणेची एक वेगळी फाईल तयार करते आणि ती दिसली की बाकीच्या थांबतात. तेथे स्क्रिप्ट मेली तरी ही फाईल मागे उरते आणि पुढची प्रत्येक फेरी अडून बसते. त्या फाईलला मी 'खूणफाईल' म्हणेन.

लिनक्सवरील 'फ्लॉक'च्या 'ॲडव्हायझरी' या विशेषणाचे 'सल्लादायी' हे भाषांतर मला अजिबात पटत नाही, कारण येथे कोणी कोणाला सल्ला देत नाही. ताबा न मागता थेट लिहिणाऱ्या स्क्रिप्टला प्रणाली अडवत नाही. सर्वांनी आधी ताबा मागायचा हा संकेत पाळला तरच फाईल सुरक्षित राहते. म्हणून 'सांकेतिक' असे न म्हणता, कारण त्यातून गुप्त खुणेचा अर्थ डोकावतो, 'संकेताधारित ताबा' म्हणावे. विंडोजवर मात्र लॉक केलेल्या भागात दुसऱ्या प्रक्रियेने लिहू पाहिले, तर प्रणाली स्वतःच नकार देते, त्यामुळे तेथे 'कुलूप' खुशाल वापरावे.