आवाज आवडला, कात्री नाही

ऑडिओबुकमध्ये पुरुषाच्या आवाजात रीजन्सी रोमान्सची (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या प्रेमकथेची) नायिका पटत नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. मला इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरच्या 'व्हेनिशिया'च्या ऑडिओबुकबद्दल नेमकं उलट वाटलं. कादंबरी १९५८ची, कथा १८१८च्या यॉर्कशायरमधली. वाचन करणाऱ्या रिचर्ड आर्मिटेज या ब्रिटिश अभिनेत्याने नायिका व्हेनिशियासाठी आवाज उगाच बारीक केलेला नाही. फक्त बोलणं हलकं, मोकळं ठेवलंय, त्यामुळे तिचा मिश्कीलपणा छान पोचतो. आणि नायक डॅमरेल तर काय! तो आणि व्हेनिशिया कवितेच्या ओळी एकमेकांकडे टोलवतात, ते वाचताना माझ्यासारखीची गाडी अडखळते. इथे नुसत्या सुरावरून कळतं की तो चिडवतोय की मनातलं बोलून जातोय. व्हेनिशियाच्या भावजयीची आई, मिसेस स्कोरियर, हिचा ठसका ऐकाच.

माझी तक्रार वेगळी आहे. हे वाचन संक्षिप्त आवृत्तीचं आहे. घोड्यावरून पडलेला व्हेनिशियाचा धाकटा भाऊ ऑब्री डॅमरेलच्या घरी बरा होत असतो, त्या दिवसांत निवांत गप्पांमधून व्हेनिशिया आणि डॅमरेलचं जमतं. कादंबरीचा जीवच तो. तिथे घाई झाली की प्रेम एकदम टपकल्यासारखं वाटतं. व्हेनिशियाशी लग्न करू पाहणाऱ्या एडवर्ड यार्डलीचंही तेच: त्याचे लांबलचक उपदेश कंटाळवाणे असायलाच हवेत, त्याशिवाय व्हेनिशिया त्याला का टाळते हे अंगावर येत नाही.

म्हणून नवीन ऐकणाऱ्यांनी आधी पुस्तक वाचावं. गाळलेल्या जागा आपोआप भरल्या जातात आणि आवाजाची मजा निर्धास्त घेता येते.