'विशद करा' म्हणजे नेमकं काय लिहायचं?

मीनल: ईशाच्या सराव प्रश्नपत्रिकेत एकीकडे 'स्पष्ट करा' आहे, दुसरीकडे 'विशद करा'. फरक काय? उद्या पेपर आहे.

नितीन: काही नाही हो वहिनी. तीन गुण असले की स्पष्ट, पाच असले की विशद.

सुलूआत्या: नितीन, गप रे. 'बाष्पीभवनाने थंडावा का येतो ते स्पष्ट करा' म्हटलं तर कारण पुरे: द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता घेतो. संपलं. पण 'जलचक्र ही संकल्पना विशद करा' म्हटलं की बाष्पीभवन, सांद्रीभवन, पाऊस, वाहून जाणारं आणि मुरणारं पाणी, सगळं एकाला एक जोडत न्यायचं.

अण्णा: संस्कृतात विशद म्हणजे स्वच्छ, शुभ्र. त्यात विस्तार कुठे आला? लोक उगाच पानं भरतात.

सुलूआत्या: अण्णा, मूळ अर्थ मान्य. पण मराठीत तो शब्द कुठे येतो बघ ना. भूमिका विशद करतात, संकल्पना, कारणमीमांसा. घरचा पत्ता कुणी विशद करत नाही, तो नुसता सांगतात.

ईशा: आत्याआजी, आणि व्याख्या? हिंदीच्या पेपरात 'व्याख्या कीजिए'ला वर्गातल्या निम्म्या मुलींनी एकेक ओळ लिहिली.

सुलूआत्या: अगं, हिंदीत व्याख्या म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. आपली एका वाक्यातली व्याख्या ती त्यांची परिभाषा. आणि आपल्याकडे परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्रातले ठरलेले शब्द! शेजारच्या भाषा, म्हणून जास्त फसायला होतं.

नितीन: आमच्याकडे साहेब 'खुलासा करा' लिहून पाठवतात.

अण्णा: मग आधी काय बिघडलंय ते शोध. खुलासा मागतात तो बहुधा ठपका ठेवायच्या आधी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र सार, गोषवारा.

ईशा: इथे एका प्रश्नात 'सविस्तर विशद करा' असं छापलंय.

अण्णा: बघ सुलू! विशदमध्ये विस्तार असता तर 'सविस्तर' वेगळं कशाला लिहिलं असतं?

सुलूआत्या: पेपर काढणाऱ्याची भाषा पुरावा म्हणून धरू नकोस. ईशा, आमचं चालू दे. तू जलचक्राची आकृती काढ, भागांना नावं दे, आणि प्रत्येक बाणापाशी काय घडतं ते एकेका वाक्यात लिही.