गुंतवणूक करून दुसरं नागरिकत्व, सल्लागारावर किती विसंबायचं?

उनाड: मंडळी, एक सल्लागार म्हणतोय डॉमिनिकाचं (कॅरिबियनमधला छोटा बेट-देश) नागरिकत्व दीड लाख डॉलरमध्ये करून देतो, पासपोर्टची गॅरंटी, फक्त अर्धे पैसे आधी भरा. खरंच होतं का असं?

रिकामटेकडा: गॅरंटी म्हणाला तिथेच उठायचं होतं. २०२४ पासून तिथे कमीत कमी २ लाख डॉलर लागतात, त्याखाली कोणी देत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, शिवाय ड्यू डिलिजन्सची, म्हणजे अर्जदाराच्या पार्श्वभूमीच्या तपासणीची, फी वेगळी. अर्ज सरकारमान्य एजंटकडूनच जातो, त्यांची यादी सरकारी साइटवर असते, नाव आहे का बघा.

शंकासूर: माल्टाचं गाजर दाखवलं तर हसून सोडून द्या, युरोपियन कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये ती स्कीम बेकायदा ठरवली. सायप्रसने तर २०२० लाच गाशा गुंडाळला.

उनाड: मग ग्रेनाडा, तेही कॅरिबियनमधलंच? त्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा ई-२ व्हिसा (तिथल्या धंद्यात पैसे गुंतवून राहण्याचा) मिळतो म्हणे.

रिकामटेकडा: मिळतो, पण गुंतवणुकीतून नागरिकत्व घेतलं असेल तर आधी ३ वर्षं सलग ग्रेनाडात वास्तव्य लागतं, २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने कायदा बदललाय, आणि सल्लागार नेमकं हेच सांगत नाहीत. बाय द वे, तुमच्या आत्ताच्या देशाला दुहेरी नागरिकत्व चालतं का, ते विचारलंत का त्याला?