कोब्रा रेप्लिकासाठी फ्युएल पंप
तुमच्या कोब्रा रेप्लिकातल्या (जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारची नक्कल) फोर्ड ३०२ इंजिनाला आणि त्यावरच्या होली कार्ब्युरेटरला (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप, दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : नको. तो ४० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दाब देतो, होलीला ५ ते ७ पुरतात. रेग्युलेटर कमी पडून दाब वाढला की कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह बंद राहत नाही, फ्लोट बोल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) भरून वाहतो आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर! या इंजिनाला कॅमशाफ्टवर चालणारा मेकॅनिकल पंप मुळातच बसतो, तोच ठेवा. इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिकच हवा असेल तर कमी दाबाचा घ्या आणि टाकीजवळ, खाली बसवा. हे पंप ढकलतात छान, ओढताना दमतात. बॉडी फायबरग्लासची, म्हणजे पेट घेणारी आहे, तेव्हा धडकेत पंप बंद करणारा इनर्शिया स्विच कृपया टाळू नका.