पिंक फ्लॉइड क्रमाने ऐकायचंय: कुठली आवृत्ती, कुठली फाइल?

नवखा_कान:
पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची चार-पाच गाणीच ऐकलीत. आता सगळे अल्बम ऐकायचेत, पण एकेकाच्या तीन-चार आवृत्त्या दिसतात. कुठली घ्यावी? २४ बिट/१९२ किलोहर्ट्झची हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त तपशिलाची) फाइल घेण्यात अर्थ आहे का? शिवाय 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये एक गाणं संपून दुसरं लागताना आवाज क्षणभर तुटतो. एमपी३ ३२०, अँड्रॉइड, ब्लूटूथ हेडफोन.

तबकडी:
फाइल खराब नाही, एमपी३ची रचनाच तशी आहे. एमपी३ ११५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या सूक्ष्म नोंदींच्या) तुकड्यांत बांधली जाते. शेवटचा तुकडा भरायला शांतता जोडतात, सुरुवातीलाही थोडी येते. एरवी कळत नाही, पण हा अल्बम सलग वाहतो, म्हणून तिथे खटकतं. फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) घ्या, फूबार२०००सारखा गॅपलेस, म्हणजे गाण्यांमध्ये खंड न पाडणारा, प्लेअर वापरा आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद ठेवा. रिप्लेगेन (आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय) लावणार असाल तर 'अल्बम'वर ठेवा. 'ट्रॅक'वर ठेवलं की प्रत्येक गाण्याची पातळी वेगळी होते आणि सांध्यावर आवाज उडी मारतो.

१९२चं म्हणाल तर ब्लूटूथवर नाकापेक्षा मोती जड. ब्लूटूथचा एलडॅक हा उच्च दर्जाचा कोडेकही फार तर ९९० केबीपीएस देतो, गर्दीत ६६० किंवा ३३०वर घसरतो. साध्या सीडीलाच १४११ लागतात.

मास्टरटेप:
आकड्यांपेक्षा मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात ते अंतिम ध्वनिमुद्रण, बघा. रिमास्टर म्हणजे तयार मिक्सवर पुन्हा हात फिरवणं. रिमिक्स म्हणजे वाद्यांची मांडणीच नव्याने. 'अ‍ॅनिमल्स'चं (१९७७) २०२२ला आलेलं '२०१८ रिमिक्स' म्हणजे दुसरी गोष्ट: ड्रम आणि बेस पुढे येतात. मूळ आधी ऐका, मग ते. बाकी अल्बमना ध्वनी-अभियंता जेम्स गथ्रीचं २०११चं रिमास्टर डोळे मिटून घ्या.

२४/९६चा फरक ऐकू येतो का, हे स्वतःच तपासा. तीच हाय-रेझ फाइल डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी हलका गोंगाट) लावून १६/४४.१, म्हणजे सीडीच्या दर्जाची, करा आणि संगणकावरच्या फूबारच्या एबीएक्समध्ये (कुठली फाइल वाजतेय हे न सांगता ओळखायला लावणारी चाचणी) वायर्ड हेडफोनवर १६ फेऱ्या खेळा. १२ बरोबर आल्या तर फरक ऐकू येतोय असं मानायला जागा आहे. दोन वेगळ्या आवृत्त्यांची तुलना करू नका. जी मोठ्याने वाजते तीच कानाला 'छान' वाटते.

उलटा_क्रम:
क्रमाने म्हणजे १९६७पासून नको. 'मेडल' (१९७१) घ्या, त्याची दुसरी बाजू म्हणजे २३ मिनिटांची एकच रचना. मग 'डार्क साइड' (१९७३), 'विश यू वेअर हिअर' (१९७५), 'अ‍ॅनिमल्स' (१९७७) आणि 'द वॉल' (१९७९). त्यानंतर मागे वळून बँडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटच्या काळातला पहिला अल्बम 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन' (१९६७), तोही मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज). २००७च्या तीन सीडींच्या संचात तो आहे. स्टीरिओपेक्षा मिक्स वेगळं आणि, माझ्या मते, सरस.

नवखा_कान:
'डार्क साइड'ची २००३ची हायब्रिड एसएसीडी (साध्या सीडीचा आणि हाय-रेझ आवाजाचा असे दोन थर असलेली तबकडी) जुन्या बाजारात दिसतेय. लॅपटॉपवर रिप करता येईल, म्हणजे तिच्यावरून फाइल काढता येईल?

मास्टरटेप:
येईल, पण लॅपटॉपच्या ड्राइव्हला फक्त सीडीचा थर दिसतो, आणि नेमका तोच एसएसीडीच्या स्टीरिओ थरापेक्षा जास्त दाबलेला (हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी केलेला), मोठा केलेला आहे. घरी एसएसीडी प्लेअर असेल तरच घ्या, कारण त्यावरचं ५.१ (चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचं) मिक्स ऐकण्यासारखं आहे. नसेल तर २०११ची साधी सीडी बरी. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरमध्ये 'सिक्युअर' मोडवर रिप करा, अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपच्या नोंदींचा साठा) जुळतंय का पाहा.