नव्या इमारतीच्या दालनात जाते की पद्मपाणी?

तापीकाठ
आमच्या तालुक्याच्या गावी नवी प्रशासकीय इमारत उभी राहिली असून तिच्या काचेच्या दर्शनी दालनात खानदेशच्या वारशावर आधारित शिल्प बसवायचे घाटत आहे. अजिंठ्याच्या पद्मपाणीची फायबरमधील उठावाकृती किंवा काळ्या पाषाणातील पुरुषभर व्यासाचे जाते, असे दोन प्रस्ताव आहेत. माझे मत जात्याला. पद्मपाणी हे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील भित्तिचित्र आहे. निव्वळ रेषेवर तोललेली ती झुकलेली मान फायबरमध्ये फुगवली की मुकुट तेवढा उरतो. जाते मात्र इथल्याच दगडाचे, आणि १८८० साली असोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या ओवीशी नाते सांगणारे.

गिरणाकर
हे उदात्तीकरण मला पटत नाही. खुंट्याने माझ्या आजीच्या तळहाताला पडलेला घट्टा मी पाहिला आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिने जाते परसात नेले आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. दळण दुरून गोड! शिवाय सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाला आकृती चटकन ओळखता यायला हवी. दिल्ली विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलमधील हस्तमुद्रांपुढे लोक फोटो काढतात, ते त्या ओळखू येतात म्हणूनच.

तापीकाठ
दिल्लीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे कोणी अख्खी नर्तकी उभी केली नाही. केवळ हात उचलला, अवाढव्य केला आणि पासपोर्ट तपासणीच्या रांगेतल्या माणसाची नजर आपसूक जाईल अशा उंचीवर लावला. घट्ट्याचा मुद्दा मात्र मी विसरलो होतो, हे कबूल करतो. म्हणून दगडाला पॉलिश नको. टाकी लावलेल्या तळीची खरखर हाताला लागली पाहिजे.

एक अभियंता
बेसाल्टचा घनमीटर सुमारे ३ टनांचा असतो. पावणेदोन मीटर व्यासाची, फूटभर जाड तळी दोन टनांवर जाईल, आणि जात्याला तळ्या दोन. शहाबादी फरशी घातल्यावर हे आठवले, तर ती फोडून खाली स्वतंत्र पाया घ्यावा लागेल. कोनशिला शिल्पापेक्षा मोठी नसावी, ही आणखी एक विनंती.

गिरणाकर
मग एकच तळी आणावी आणि बाकाच्या उंचीवर आडवी ठेवावी. दाखल्यासाठी दुपारपर्यंत ताटकळणाऱ्या बायांना तिच्यावर टेकता येणार असेल आणि भोवती साखळदंड लावला जाणार नसेल, तर माझा विरोध संपला.